कन्व्हर्टर बदलण्याआधी ती टिकटिक ऐका

कऱ्हाड परिसरातील एका वाचकांनी नाव न छापण्याच्या विनंतीसह लिहिलेल्या पत्राचा सारांश असा: त्यांच्याकडे २०१८ची, सुमारे ९० हजार किलोमीटर चाललेली छोटी पेट्रोल गाडी आहे आणि तीन वर्षांपूर्वी तिला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आहे. जूनमध्ये डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनरवर पी०१७१ हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि ४,८०० रुपये घेतले. दिवा विझला, पण पाचव्या दिवशी पुन्हा लागला आणि या वेळी सोबत पी०४२० हा दुसरा कोडही होता. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग, बदलावा लागेल आणि ३२ हजार रुपये खर्च येईल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. मेहुण्यांनी ऑनलाइन मागवलेल्या स्कॅनरने कोड पुसून दिला आणि दिवा बंद आहे तोवर गाडी विकून टाकावी, असे सुचवले. वाचकांच्या पत्नी रोज याच गाडीने शाळेत शिकवायला जातात, शिवाय तीन आठवड्यांनी गणपतीसाठी चिपळूणला जायचे आहे. आपली फसवणूक झाली का, हे काम घरी करता येईल का आणि तोपर्यंत गाडी चालवावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. ताज्या कलमात त्यांनी लिहिले आहे की पेट्रोलवरचे मायलेज लिटरला १७ किलोमीटरवरून १४वर आले आहे आणि सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे ‘टिकटिक’ असा आवाज येऊन तो आपोआप थांबतो, “पण गाडी जुनी झाली की असे व्हायचेच.”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात माझे लक्ष ताज्या कलमावर अडले. मायलेज आणि टिकटिक या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. त्याकडे येण्याआधी एका समजुतीविषयी बोलावे लागेल, कारण तुमचा, मेकॅनिकचा आणि मेहुण्यांचा विचार तिच्यावरच उभा आहे. स्कॅनरवर दिसणारा कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव, अशी ती समजूत आहे.

कोड भागाचे नाव सांगत नाही. इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कोणते मोजमाप अपेक्षेबाहेर गेलेले दिसले एवढेच तो सांगतो. पी०१७१चा अर्थ असा की इंजिनमध्ये जळणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, मेकॅनिक ज्याला ‘लीन’ म्हणतात तशी स्थिती ईसीयूला दिसते आहे आणि इंधन वाढवत नेऊनही ती सुधारत नाही. ही बातमी ईसीयूला पोहोचवतो तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. तोच बिघडला असता तर बहुधा पी०१३० ते पी०१३५ या पट्ट्यातला, त्या सेन्सरच्या सर्किटविषयीचा किंवा त्याच्या हीटरविषयीचा कोड आला असता. तुमच्या गाडीतला जुना सेन्सर काम करत होता आणि जे दिसले ते कळवत होता, अशीच शक्यता मला अधिक वाटते.

मग दिवा पाच दिवस बंद कसा राहिला? सेन्सर बदलल्यावर मेकॅनिकने कोड पुसला, त्याबरोबर ईसीयूने त्या बिघाडाविषयी जमवलेली नोंद पुसली गेली आणि सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. बहुतेक दोष गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय ईसीयू दिवा लावत नाही. कन्व्हर्टरची तपासणी तर इंजिन पुरते तापून काही काळ एकसारख्या वेगाने चालल्याखेरीज होतच नाही. ते पाच दिवस या तपासण्या पूर्ण होण्यात गेले. मेहुण्यांनी पुसलेला कोडही याच रीतीने परत येईल.

आता फसवणुकीचा प्रश्न. तुमच्या मेकॅनिकने तुम्हाला जाणूनबुजून फसवले असे मला वाटत नाही, आणि तो संशय मनातून काढून टाकावा अशी माझी विनंती आहे, कारण पुढच्या कामात तुम्हाला त्याची गरज पडणार आहे. आपल्याकडे लहान गॅरेजमध्ये पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे. तासभर शोध घेऊन “काही बदलायची गरज नाही, एक जोड गळतो आहे” असे सांगणाऱ्या मेकॅनिकला त्या तासाचे दोनशे रुपयेही देताना आपण ग्राहक कुरकुरतो आणि मग तो भाग बदलत राहतो तेव्हा त्याच्यावर संशय घेतो. पुढच्या खेपेला तुम्ही आपण होऊन म्हणा, “कारण शोधायला जो वेळ लागेल त्याचे पैसे मी वेगळे देईन, पण खात्री झाल्याशिवाय भाग बदलू नका, आणि बदललात तर जुना भाग मला परत द्या.” ३२ हजारांच्या खर्चासमोर ही रक्कम फार लहान आहे.

आता ती टिकटिक. गार इंजिनला ऐकू येणारा आणि इंजिन तापताच नाहीसा होणारा असा आवाज अनेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडातून येतो. जळालेला वायू सिलिंडरमधून बाहेर पडून ज्या ओतीव नळकांड्यात जातो ते मॅनिफोल्ड आणि इंजिन यांच्यामध्ये एक गॅस्केट असते. ते जळाले किंवा एखादा बोल्ट सैल झाला तर गार असताना तिथे बारीक फट राहते आणि प्रत्येक स्फोटाचा दाब तिच्यातून टिक असा आवाज करत निसटतो. धातू तापून फुगला की फट बरीचशी मिटते आणि आवाज थांबतो, पण गळती पूर्ण बंद झालेली असतेच असे नाही.

या एका फटीतून तुमचे दोन्ही कोड कसे निघू शकतात, हे पाहा. एक्झॉस्टमधला दाब एकसारखा नसतो, तो लाटांनी येतो आणि दोन लाटांच्या मधल्या क्षणी आत किंचित ओढ निर्माण होते. त्या ओढीने फटीतून बाहेरची ताजी हवा आत शिरते. पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या अलीकडचा, ऑक्सिजन सेन्सर तो जास्तीचा ऑक्सिजन पाहतो आणि मिश्रण लीन असल्याचे कळवतो. प्रत्यक्षात मिश्रण ठीक असते, पण ईसीयू त्या बातमीवर विश्वास ठेवून इंधन वाढवत जातो. मर्यादा गाठली की पी०१७१ नोंदला जातो. इंधन विनाकारण जास्त जळते, मायलेज उतरते, आणि तुमचे ते उतरलेच आहे. कन्व्हर्टरच्या पलीकडच्या दुसऱ्या सेन्सरवरूनच ईसीयू कन्व्हर्टरचे काम जोखतो. त्याच्यापर्यंत बाहेरचा ऑक्सिजन पोहोचू लागला की निरोगी कन्व्हर्टरही निकामी भासतो आणि पी०४२० येतो. मी हे निदान म्हणून लिहीत नाही, कारण मी तुमची गाडी पाहिलेली नाही. अशी टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचीही असू शकते आणि रात्रभर खाली उतरलेले ऑइल वर पोहोचल्यावर तीही शांत होते. परंतु दोन कोड, घटलेले मायलेज आणि हा आवाज या चारही गोष्टी एकाच कारणात बसत असतील, तर ३२ हजार खर्च करण्याआधी ते कारण तपासणे योग्य ठरेल.

हे तपासण्याचे काम मात्र तुम्ही घरी नक्की करू शकता. आधी स्वतःला एक विचारून घ्या: टिकटिक जूनच्या आधीपासून होती की सेन्सर बदलल्यानंतर सुरू झाली? नंतर सुरू झाली असेल तर सर्वप्रथम नव्या सेन्सरची बैठक पाहावी लागेल, कारण तो पुरता आवळला गेला नसेल तर तिथूनही वायू निसटतो. आधीपासून असेल तर सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॉनेट उघडा आणि विजेरी घेऊन मॅनिफोल्डच्या कडेने काजळीचे काळे ओघळ दिसतात का ते बघा. मॅनिफोल्डवर बहुधा पत्र्याचे कवच असते, त्याच्या फटींतून वाकून बघावे लागेल. मग घरातल्या कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा आणि हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडांच्या जवळून, स्पर्श न करता, फिरवा. आवाज खालच्या बाजूने, मॅनिफोल्डच्या जोडाशी मोठा होतो की वर, व्हॉल्व्हच्या झाकणाखाली, हे नळीतून स्पष्ट कळते. हे मोकळ्या जागेतच करा, बंद शेडमध्ये नाही, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, पदर, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ जाणार नाही याची काळजी घ्या.

आणखी खात्री हवी असेल तर इंजिन बंद आणि पूर्ण गार असताना घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी, तो हवा बाहेर फेकतो त्या तोंडाला लावून, सायलेन्सरच्या तोंडात धरा, भोवतीची जागा कापडाने बंद करा आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचे पाणी फवारा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. या सगळ्याला पाना लागत नाही.

दुसरा पुरावा मेहुण्यांच्या स्कॅनरमध्येच आहे आणि त्याचा उपयोग कोड पुसण्यापलीकडे कुणी केलेला नाही, याचे मला वाईट वाटते. देशभर बीएस-४ ही प्रदूषणाची मानके एप्रिल २०१७पासून लागू झाली होती, त्यामुळे तुमच्या २०१८च्या गाडीत ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेचा, सोळा पिनांचा सॉकेट, बहुधा स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ, आहे. हजार-दीड हजारांच्या आतला ब्लूटूथ स्कॅनर त्यातून कोडाखेरीज बरेच काही वाचू शकतो. दिवा पुन्हा लागेल तेव्हा कोड पुसू नका. कोड लिहून घ्या, आणि ‘फ्रीझ फ्रेम’ या नावाखाली तो कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आरपीएम (इंजिनचे दर मिनिटाचे फेरे), वेग आणि इंजिनचे तापमान साठवलेले असते, त्याचा फोटो काढून ठेवा. कोड पुसला की हेही पुसले जाते. मेहुण्यांनी भलेपणाने एक पुरावा नष्ट केला, असे म्हणावे लागेल.

मग ‘फ्युएल ट्रिम’ हे आकडे पाहा. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो ते त्यात कळते. एक तात्कालिक असतो आणि एक दीर्घकालीन, आणि दोहोंची बेरीज पाहायची असते. ती शून्याच्या अलीकडे-पलीकडे दहा टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही, शून्याच्या वर वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली की पी०१७१ येतो. गाडी तापवून, उभ्या जागी इंजिन मंद चालू ठेवून हा आकडा लिहा, मग आरपीएम २,५०० वर अर्धा मिनिट स्थिर ठेवून पुन्हा लिहा. मंद गतीला मोठा असलेला आकडा आरपीएम वाढवल्यावर उतरला, तर कुठूनतरी आगंतुक हवा शिरते आहे. उलट चढावर किंवा जोर लावताना तो वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठा, म्हणजे पंप किंवा फिल्टर, तपासायला हवा. इंजिनकडे जाणारी एखादी व्हॅक्यूमची नळी फाटली असण्याची शक्यताही धरावी लागते, विशेषतः पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली शिरतात म्हणून. मात्र आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत हवेचा अंदाज मॅप सेन्सरवरून, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या हवेचा दाब मोजून, घेतात, आणि तशा गाडीत नळी फाटल्यावर मंद गतीचे आरपीएम चढलेले राहण्याकडे कल असतो. तुम्ही तसे काही लिहिलेले नाही, म्हणून माझा भर एक्झॉस्टवर आहे.

तुमच्याकडे सीएनजी असल्यामुळे तुम्हाला एक चाचणी फुकट उपलब्ध आहे आणि कऱ्हाड, सातारा, पुणे पट्ट्यातल्या अशा असंख्य वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. आठवडाभर गाडी केवळ पेट्रोलवर चालवा आणि ट्रिमचे आकडे टिपा, मग तसेच सीएनजीवर करा. पेट्रोलवर सगळे सुरळीत आणि सीएनजीवरच आकडा चढत असेल, तर दोष किटचा आहे, त्याचा फिल्टर तुंबला आहे किंवा त्याची ट्यूनिंग हलली आहे, आणि ते काम किट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रातच न्यावे. दोन्ही इंधनांवर आकडा सारखाच चढलेला असेल तर किट बहुधा निर्दोष आहे. सीएनजीच्या नळ्या, रेग्युलेटर आणि जोड यांना घरी हात लावू नका, ही विनंती मी अगदी आग्रहाने करतो.

घरी करण्याची मर्यादा कुठे येते, हेही सांगायला हवे. मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलण्याचे काम स्वतः करू नका. ९० हजार किलोमीटर तापलेले आणि गंजलेले बोल्ट पान्याखाली तुटतात आणि तुटलेला बोल्ट सिलिंडर हेडमधून काढणे हे मूळ कामापेक्षा कितीतरी महाग पडते. निदान तुमचे आणि दुरुस्ती मेकॅनिकची, अशी वाटणी मला रास्त वाटते. बुडबुड्यांचा व्हिडिओ आणि ट्रिमचे आकडे लिहिलेला कागद घेऊन तुम्ही त्याच्यासमोर उभे राहिलात, तर तोही वेगळ्या तयारीने काम करील. ऑनलाइन व्हिडिओंत गळती शोधण्यासाठी चालू इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर किंवा तत्सम ज्वलनशील फवारे मारून दाखवतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ते करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे.

त्याच व्हिडिओंतला आणखी एक सल्ला आपल्याकडच्या वाचकांना भरकटवतो. अमेरिकेतल्या व्हिडिओत पहिला उपाय पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट लावण्याचा असतो. तिथल्या नियमांनुसार टाकीतून पेट्रोलची वाफ गळते का हे गाडीने स्वतः तपासायचे असते, म्हणून सैल झाकणानेही दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर घडले आहेत आणि इथे झाकणामुळे दिवा लागण्याची शक्यता बरीच कमी असते. आपल्याकडे उंदराने कुरतडलेली वायर, पावसाचे पाणी शिरून हिरवा पडलेला कनेक्टर, गंजलेले बॅटरी टर्मिनल या गोष्टी आधी पाहाव्यात. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान असावा. हा दाब घसरला तर अनेक सेन्सर एकाच वेळी तक्रार करू लागतात. तुमच्यासारख्याच पण वेगळा कोड आलेल्या वाचकांसाठी एक उदाहरण: पी०३०३ आला तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकतो आहे. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन गार असताना, तिसरी कॉइल पहिल्या जागी आणि पहिली तिसऱ्या जागी लावावी. कोड पी०३०१ झाला तर कॉइल दोषी आहे, पी०३०३च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायर पाहावी. माझ्या स्वतःच्या गाडीत एका पावसाळ्यात ही अदलाबदल केल्यावर कोड जागचा हलला नाही आणि शेवटी तिसऱ्या कॉइलची वायर उंदराने अर्धी कुरतडलेली सापडली. तोपर्यंत एका गॅरेजने मला दोन नव्या कॉइल विकल्या होत्या, म्हणून तुमची चीड मी समजू शकतो.

दुरुस्तीचा क्रम मात्र चुकवू नका. आधी पी०१७१चे कारण दूर करा, कोड पुसा, आणि नेहमीसारखी पण काही लांब, एकसारख्या वेगाच्या रस्त्याची धाव असलेली दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. स्कॅनरमध्ये ‘रेडीनेस’ या ठिकाणी कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत थांबा. त्यानंतरही पी०४२० आला तर आणि तरच कन्व्हर्टरचा विचार करा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात म्हणून तो महाग असतो, आणि तो सहसा आपण होऊन मरत नाही. चुकणारे स्फोट, जळणारे ऑइल किंवा सतत जास्त झालेले इंधन त्याला मारते, आणि ते कारण तसेच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. काहीजण कन्व्हर्टर आतून फोडून रिकामी नळी ठेवण्याचे सुचवतील. ते बेकायदा आहे आणि तुमच्या पत्नी ज्या शाळेत शिकवतात तिथल्या मुलांच्या श्वासात तो धूर जाणार आहे.

मेहुण्यांच्या दुसऱ्या सूचनेविषयी थोडक्यात लिहितो. कोड पुसून गाडी विकणे म्हणजे तुम्हाला जे माहीत आहे ते घेणाऱ्यापासून लपवणे होय. शिवाय जाणकार ग्राहक स्कॅनर लावील तेव्हा सगळ्या तपासण्या अपूर्ण दिसतील आणि कोड नुकताच पुसला आहे हे त्याला लगेच कळेल. गाडी विकायचीच असेल तर दुरुस्त करून, पावती दाखवून विका.

राहिला गाडी चालवण्याचा प्रश्न. दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडी धक्के देत नसेल, तर रोजची शाळेची ये-जा चालू ठेवायला हरकत नाही. मात्र गळती असेल तर एक्झॉस्टचा वायू बॉनेटखालून केबिनच्या हवेत येऊ शकतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत काचा थोड्या उघड्या ठेवा, आणि आत जळका वास किंवा डोकेदुखी जाणवली तर त्याच दिवशी गाडी उभी करा. दिवा लुकलुकू लागला तर त्याचा अर्थ कन्व्हर्टर जाळून टाकतील इतके स्फोट चुकत आहेत असा असतो. तेव्हा वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचे. ऑइलच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तत्क्षणी बंद करायचे. हे तुमच्या पत्नींनाही नीट सांगून ठेवा, कारण गाडी रोज त्या चालवतात.

चिपळूणला जायला कुंभार्ली घाट आहे, आणि सणाला सामानासह भरलेली गाडी घेऊन परतीच्या वाटेवर तो चढताना एक्झॉस्ट सर्वाधिक तापते. तीन आठवडे हातात आहेत. पहिल्या रविवारी काजळी आणि बुडबुडे पाहा, पुढचा आठवडा पेट्रोलवर काढून आकडे लिहा, दुसऱ्या आठवड्यात कागद घेऊन मेकॅनिककडे जा आणि उरलेल्या दिवसांत कऱ्हाड ते कोल्हापूर अशी एक जाऊन-येऊन फेरी करून कन्व्हर्टरची तपासणी पूर्ण होऊ द्या. तोवर दिवा लागला नाही तर निर्धास्तपणे घाट उतरा. जोड दुरुस्त न होताच गणपती आले, तर या वर्षी एसटीने जा. आणि सकाळी ती टिकटिक नेमकी कुठे ऐकू आली, ते मला जरूर लिहा.